रिचार्ज झालं, पण गेट उघडेना: प्रवासाच्या स्मार्ट कार्डात पैसे भरताना

बँकेतून पैसे गेले, अ‍ॅपवर हिरवी खूण आली आणि गेटवर कार्ड टेकवलं तर 'शिल्लक अपुरी'. अशा वेळी बहुधा कुणी पैसे खाल्लेले नसतात. ते निघालेले असतात, पोचलेले नसतात. मेट्रो-बसच्या कार्डात पैसे भरण्याचे जवळजवळ सगळे त्रास एकाच प्रश्नातून निघतात: खरी शिल्लक कुठे लिहिलेली आहे, कार्डातल्या चिपवर की चालवणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरवर? रिचार्ज कुठून करायचं, किती आधी करायचं, अडलं तर कुठल्या खिडकीवर जायचं, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

आधी आपलं कार्ड कुठल्या जातीचं ते ओळखा

पहिली जात चिपवर शिल्लक ठेवणारी. हाँगकाँगचं ऑक्टोपस (१९९७), जपानचं सुइका (२००१), लंडनचं ऑयस्टर (२००३) ही या घराण्यातली नावाजलेली कार्डं. रक्कम चिपवर ठेवण्यामागे कारण होतं. गर्दीच्या वेळी गेटला निर्णय क्षणात द्यावा लागतो. सुइकाच्या गेटसाठी ०.२ सेकंदाचं गणित मांडलं गेलं, लंडनमध्ये अर्ध्या सेकंदाचं. एवढ्या वेळात दूरच्या सर्व्हरला विचारून उत्तर आणणं त्या काळात भरवशाचं नव्हतं. म्हणून गेट कार्डालाच विचारतं, भाडं वजा करतं आणि नवी रक्कम कार्डावर लिहून मोकळं होतं. नेटवर्क बंद पडलं तरी माणसं अडकत नाहीत. पण याचीच दुसरी बाजू अशी, की घरबसल्या पैसे भरले तरी ते कार्डावर लिहायला कुठल्यातरी यंत्राने कार्डाला स्पर्शाच्या अंतरावर गाठावंच लागतं.

दुसऱ्या जातीत कार्डावर फक्त एक ओळख क्रमांक असतो आणि हिशेब सर्व्हरवरच्या खात्यात. इथे ऑनलाइन भरलेले पैसे लगेच लागू होतात, त्यामुळे रिचार्जची कटकट जवळपास संपते. मात्र गेट किंवा बसमधलं यंत्र तुमची शिल्लक दाखवत नाही, कारण त्याच्याकडे ती नसतेच. ही गोष्ट लोकांना किती खुपते ते सिंगापूरमध्ये दिसलं. सगळ्या प्रौढ प्रवाशांना सर्व्हरवरच्या सिम्प्लीगो पद्धतीवर नेण्याची घोषणा ९ जानेवारी २०२४ रोजी झाली, टॅप करताना भाडं आणि शिल्लक दिसणार नाही म्हणून लोक चिडले आणि २२ जानेवारीला निर्णय मागे घ्यावा लागला.

तिसरी जात मिश्र. भारतातलं २०१९ साली सुरू झालेलं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, म्हणजे एनसीएमसी, या प्रकारचं. एकाच कार्डाला दोन शिलकी: एक बँकेच्या किंवा वॉलेटच्या खात्यातली, दुसरी चिपवरची ऑफलाइन. गेट फक्त दुसरी ओळखतं. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून त्याबद्दल पुढे वेगळं सांगितलं आहे.

ओळखायचं कसं? बाहेर पडताना गेटच्या पडद्यावर उरलेली रक्कम दिसत असेल तर कार्ड बहुधा चिपवाल्या जातीचं. ऑनलाइन पैसे भरल्यावर अ‍ॅप 'आता स्टेशनवर कार्ड टेकवा' असं सांगत असेल तर निश्चितच चिपवालं किंवा मिश्र. अ‍ॅपमध्ये दोन वेगळ्या रकमा दिसत असतील तर मिश्र. यांतलं काहीच नसेल तर हिशेब सर्व्हरवर आहे असं धरून चला.

ऑनलाइन भरलेले पैसे चिपपर्यंत कसे पोचतात

अ‍ॅपवर पैसे भरले की चिपवाल्या व्यवस्थेत एक 'प्रलंबित रक्कम' तयार होते. ती गेटांच्या आणि बसयंत्रांच्या यादीत जाऊन बसते: अमुक क्रमांकाचं कार्ड आलं की त्यावर इतके पैसे लिहा. मनीऑर्डर पोस्टात येऊन पडावी आणि घेणाऱ्याने येऊन सोडवावी, तसा हा प्रकार. म्हणून यशाचा मेसेज आला म्हणजे मनीऑर्डर केली एवढंच.

ही यादी यंत्रापर्यंत पोचायला लागणारा वेळ यंत्राच्या जागेवर ठरतो. स्टेशनवरची गेटं तारेने जोडलेली, त्यांना यादी लवकर मिळते. बसमधलं यंत्र मोबाइल नेटवर्कवर असेल तर थोडं मागे, आणि जुन्या पद्धतीप्रमाणे आगारात उभी असतानाच डेटा उतरवून घेणारं असेल तर रात्र उलटल्याशिवाय त्याला नवी यादी मिळतच नाही. ऑयस्टरवर पूर्वी ऑनलाइन भरणा करताना एक स्टेशन निवडून द्यावं लागायचं आणि पैसे तिथूनच उचलावे लागायचे. २०१७ मध्ये ही अट गेली आणि साधारण अर्ध्या तासाने कुठल्याही स्टेशनवर किंवा बसमध्ये ते मिळू लागले. आपल्या व्यवस्थेत हा अवधी किती आहे ते एकदा नियमांत पाहून ठेवा. 'तात्काळ' हा शब्द जाहिरातीत असतो, अटींमध्ये मिनिटं किंवा तास लिहिलेले असतात. अटींवर विश्वास ठेवा.

यातून काही कामाच्या गोष्टी निघतात. सकाळी निघायचं असेल तर पैसे आदल्या संध्याकाळी भरा. स्टेशनच्या जिन्यावर उभं राहून भरणं म्हणजे स्वतःच स्वतःला अडवणं. फक्त बसने जाणाऱ्यांनी दोन दिवसांची मुभा ठेवावी, किंवा सरळ रिचार्ज केंद्रावर कार्ड यंत्रावर ठेवून भरावं. प्रलंबित रक्कम उचलण्याची मुदत असते. ती टळली की व्यवहार रद्द होतो आणि पैसे मूळ खात्यात परत पाठवले जातात. वापरात नसलेल्या कार्डात 'असू देत' म्हणून भरलेले पैसे असे फिरून परत येतात आणि माणूस समजतो कार्ड भरलेलं आहे.

उचलताना होणारी एक चूक खिशाला लागते. नुसते पैसे कार्डावर उतरवायला म्हणून प्रवेशाच्या गेटवर कार्ड टेकवायचं नाही. टेकवलं की रक्कम उतरते, पण प्रवासही सुरू होतो. तिथूनच परत बाहेर आलात तर अनेक ठिकाणी त्याच स्टेशनच्या आत-बाहेरचं शुल्क कापलं जातं, आणि बाहेर पडताना टॅपच केलं नाही तर अपूर्ण प्रवासाचं कमाल भाडं. जायचं असेल तेव्हाच उचला, नाहीतर तिकीट यंत्रावर किंवा शिल्लक दाखवणाऱ्या यंत्रावर उचला, तिथे प्रवास सुरू होत नाही.

रक्कम उतरण्याच्या पहिल्या टॅपला कार्ड नेहमीपेक्षा जास्त वेळ, पूर्ण एक सेकंद, सपाट धरा. रोजच्या सवयीने पुसल्यासारखं फिरवून काढलंत तर लिहिण्याचं काम अर्धवट सुटतं. काही गेटं पहिल्या टॅपला रक्कम लिहितात आणि दुसऱ्या टॅपला आत सोडतात. लाल दिवा दिसला की लगेच खिडकीकडे न धावता पडदा वाचा आणि पुन्हा एकदा टेकवून पाहा. खात्री करायची ती पडद्यावरच्या आकड्यावरून. चिपवाल्या कार्डाच्या बाबतीत अ‍ॅपमधला आकडा मागे असू शकतो, कारण सर्व्हरला प्रवासाचा हिशेब उशिरा कळतो.

आणखी एक अडथळा कमाल मर्यादेचा. प्रत्येक कार्डाला चिपवर किती रक्कम मावते याची सीमा असते. सुइकावर ती २०,००० येन आहे. अ‍ॅपने पैसे घेतले, पण जुनी शिल्लक आणि नवी रक्कम मिळून सीमा ओलांडत असेल तर गेट लिहायला नकार देतं आणि रक्कम प्रलंबितच राहते. तोडगा सोपा आहे: शिल्लक खर्चून खाली आणा, मग ती आपोआप उतरेल. काही व्यवस्था एका वेळी एकच प्रलंबित रक्कम ठेवतात, तेव्हा पहिली उतरेपर्यंत दुसरी भरू नका. 'पहिली गेली नाही वाटतं' म्हणून पुन्हा भरणारे लोक या सापळ्यात हमखास सापडतात.

मोबाइलने थेट कार्डावर लिहिताना

काही अ‍ॅप मोबाइलमधल्या एनएफसीचा (अगदी जवळ धरलेल्या कार्डाशी लहरींनी बोलण्याची सोय) वापर करून घरीच चिपवर रक्कम लिहितात. ही सोय चांगली आहे, पण हात स्थिर हवा.

१. एनएफसी चालू करा. अँड्रॉइडवर ते सेटिंगमध्ये बंद असू शकतं.
२. मोबाइलचं कव्हर काढा. धातूची पट्टी, अंगठी किंवा मॅग्नेट असलेलं कव्हर लहरी अडवतं.
३. कार्ड पाकिटातून बाहेर काढा. दोन कार्डं एकत्र असली तर मोबाइलला कुठलं वाचायचं ते कळत नाही.
४. कार्ड टेबलावर सपाट ठेवा. लाकडी टेबल चालेल, लोखंडी नाही. त्यावर मोबाइल टेकवा. आयफोनमध्ये अँटेना वरच्या कडेला असते, अँड्रॉइडमध्ये बहुधा पाठीच्या मध्यावर किंवा कॅमेऱ्याजवळ.
५. आधी फक्त शिल्लक वाचून पाहा. वाचन दोनदा सलग नीट झालं तरच पैसे भरा.
६. पैसे भरल्यावर अ‍ॅप पुन्हा कार्ड टेकवायला सांगेल. 'पूर्ण' असं दिसेपर्यंत मोबाइल उचलू नका, फोन आला तरी.

पाचवी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि बिघाड बहुतेक त्यांच्याकडेच होतो. या कार्डांत बॅटरी नसते. वाचणाऱ्या यंत्राच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींतूनच चिपला वीज मिळते. वाचायला लागते त्याहून लिहायला जास्त स्थिर वीज हवी. म्हणून शिल्लक दिसली पण लिहिणं फसलं, असं होऊ शकतं, आणि त्याचा अर्थ कार्ड खराब आहे असा नव्हे.

यंत्रावर आणि खिडकीवर

यंत्रावर भरण्याचा फायदा असा की पैसे आणि कार्ड एकाच जागी भेटतात, वाट पाहावी लागत नाही. पण इथले त्रास वेगळे. यंत्र ठरावीक नोटा घेतं, दुमडलेल्या परत फेकतं. सुटे परत देईलच असं नाही, कित्येक यंत्रं घातलेली सगळी रक्कम कार्डात भरून मोकळी होतात. नोट घालण्याआधी पडद्यावर 'सुटे मिळणार नाहीत' अशी सूचना आहे का ते पाहा. बँक कार्डाने भरताना किमान रकमेची अट असते, तीही आधीच वाचा.

महत्त्वाचा नियम एकच: पावती बाहेर येईपर्यंत किंवा पडद्यावर नवी शिल्लक दिसेपर्यंत कार्ड तबकातून उचलायचं नाही. मध्येच उचललं तर काय होतं? आताच्या चांगल्या चिपांमध्ये लिहिणं एकतर पूर्ण होतं किंवा अजिबात होत नाही, अर्धवट आकडा राहत नाही. त्यामुळे कार्डावर जुनी रक्कम सुखरूप असते, पण यंत्राच्या वहीत तुमचे पैसे जमा झालेले असतात. उपाय असा की तेच कार्ड त्याच यंत्रावर लगेच परत ठेवा. अनेक यंत्रं पडद्यावर तसं सांगतातच. दुसरं कार्ड ठेवू नका, यंत्र बदलू नका, 'रद्द' दाबू नका. त्यानेही झालं नाही तर पावती घ्या, पावती येत नसेल तर पडद्याचा आणि यंत्रावरच्या क्रमांकाचा फोटो काढा.

खिडकीवरचा माणूस यंत्र हाताळतो म्हणून निर्धास्त होऊ नका. नवा आकडा त्याच्या पडद्यावर पाहा आणि मगच जागा सोडा. रांग चिडली तरी चालेल.

एनसीएमसीसारख्या मिश्र कार्डाची दुहेरी वाट

इथे पैसे दोन टप्प्यांत जातात. अ‍ॅपवरून भरलेली रक्कम आधी ऑनलाइन खात्यात पडते. ती चिपवर आणायला स्टेशनच्या खिडकीवर किंवा यंत्रावर 'बॅलन्स अपडेट' करून घ्यावं लागतं. हे न केल्यास खात्यात भरपूर पैसे असूनही गेट नकार देईल, आणि ग्राहक सेवेचा माणूस 'तुमच्या खात्यात शिल्लक आहे' असं सांगेल. दोघेही खरं बोलत असतात.

खिडकीवर शब्द नेमके वापरा. 'रिचार्ज करा' म्हटलंत तर समोरचा नव्याने पैसे मागेल. 'ऑनलाइन भरले आहेत, बॅलन्स अपडेट करून द्या' असं म्हणा. उलट, रोख रक्कम देऊन तिथेच भरून घेतलंत तर ती थेट चिपवर जाते, अपडेटची गरज उरत नाही. ज्यांच्या स्टेशनवर अपडेटचं यंत्र नेहमी बंद असतं, त्यांनी ऑनलाइनचा नाद सोडून खिडकीवरच भरावं; वेळ तेवढाच जातो आणि गोंधळ टळतो.

चिपवर किती ठेवायचे? कमी. चिपवरची ऑफलाइन रक्कम खिशातल्या नोटांसारखी वागते: कार्ड हरवलं तर ऑनलाइन खातं बंद करता येतं, चिपवरची रक्कम मात्र सहसा परत मिळत नाही. आठवड्याच्या प्रवासापुरती चिपवर, बाकी खात्यात. ऑयस्टरसारख्या व्यवस्थेत नोंदणी केलेल्या कार्डाची शिल्लक नव्या कार्डावर आणता येते, कारण प्रत्येक व्यवहाराची समांतर नोंद सर्व्हरवर असते. बिननावाच्या कार्डाला ही सोय नाही, म्हणून जिथे नोंदणी करता येते तिथे पहिल्याच दिवशी करून टाका.

आपोआप भरणा लावावा का

लावावा, पण आकडे विचार करून. शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली की टॅप करतानाच गेट नवी रक्कम चिपवर लिहितं आणि ती नंतर तुमच्या बँकेतून वसूल होते. पातळी तुमच्या सर्वांत लांबच्या एकेरी भाड्यापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर परतीच्या वाटेवर बाहेर पडताना अडाल. भरण्याची रक्कम आठवडाभराच्या खर्चाएवढी पुरते.

धोका बँकेच्या बाजूने असतो. जोडलेलं बँक कार्ड मुदत संपून बदललं, किंवा खात्यात पैसे नसल्याने वसुली परत गेली, तर व्यवस्था तुमचं प्रवासी कार्ड थांबवलेल्या कार्डांच्या यादीत टाकते. मग कार्डात शिल्लक असूनही गेट उघडत नाही, आणि थकबाकी भरल्यानंतरही यादीतून नाव निघायला वेळ लागतो. बँकेचं नवं कार्ड आलं की पहिला बदल इथे करा. याच कारणासाठी, अडकलेल्या रिचार्जबद्दल बँकेकडे व्यवहार उलटवण्याची मागणी घाईने करू नका. मधल्या काळात रक्कम कार्डावर उतरली असेल तर ती वसुली बुडवल्यासारखी दिसते.

पास घेणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र सूचना: पास आणि पैसे ही चिपवरची दोन वेगळी खाती आहेत. पासाचे पैसे चुकून साध्या शिलकीत भरले गेले तर प्रत्येक टॅपला भाडं कापलं जातं, आणि ते लक्षात यायला महिना जातो. पास भरल्यावर पडद्यावर रकमेऐवजी 'वैध पर्यंत' आणि तारीख दिसली पाहिजे. पास ठरलेल्या तारखेला सुरू होणार की पहिल्या टॅपला, हेही विचारा. सवलतीच्या कार्डात सवलतीची मुदत वेगळी असते. ती संपली की भरलेले पैसे असूनही कार्ड नाकारलं जाऊ शकतं, आणि कितीही रिचार्ज केलं तरी काही होत नाही. सवलतीचं नूतनीकरण हाच इलाज.

पैसे अडकले तर

आधी नियमांत दिलेला अवधी पूर्ण होऊ द्या. मग शिल्लक दाखवणाऱ्या यंत्रावर कार्डाचे शेवटचे व्यवहार पाहा. भरणा तिथे दिसत असेल तर पैसे आले आणि खर्चही झाले, असं अनेकदा निघतं. दिसत नसेल तर तक्रार करा, आणि ती चालवणाऱ्या संस्थेकडे, बँकेकडे नंतर. मिश्र कार्डात मात्र कार्ड देणारी बँक आणि मेट्रो हे दोन वेगळे पक्ष आहेत: पैसे खात्यात पोचले नाहीत तर बँक, खात्यातून चिपवर उतरले नाहीत तर ज्या खिडकीवर प्रयत्न केला ती. हा फरक न केल्याने तक्रार दोघांमध्ये चेंडूसारखी टोलवली जाते.

तक्रारीत कार्डावरचा छापील क्रमांक, तारीख आणि मिनिटापर्यंत वेळ, रक्कम, बँकेचा व्यवहार क्रमांक, यंत्राचा किंवा बसचा क्रमांक आणि भरण्याआधीची शिल्लक, एवढं द्या. थर्मल कागदाची पावती काही महिन्यांत पुसट होते, तिचा फोटो त्याच दिवशी काढा. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. आणि निकाल लागेपर्यंत तेच कार्ड जपून ठेवा. बदली कार्ड घेतलंत तर प्रलंबित रक्कम जुन्या क्रमांकाला चिकटलेली राहते आणि चिपवरचा पुरावाही हातचा जातो.

परतावा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात येतो. ते खातं मधल्या काळात बंद करायचं असेल तर आधी तक्रारीत तसं लेखी कळवा.